आधी हॉल मोजा, मग यंत्र आणा

हात हलवून खेळायच्या व्हिडिओ गेमसाठी यंत्र कोणतं घ्यायचं ते नंतर बघू. आधी हॉलमधला टीपॉय उचला आणि आतल्या खोलीत ठेवून या. टीव्हीकडे तोंड करून उभे राहा, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरा आणि जागच्या जागी एक गिरकी घ्या. बोटं कुठे लागली? शोकेसच्या काचेला? खिडकीच्या ग्रिलला? आता हात सरळ वर करा आणि पंख्याच्या पात्यांकडे बघा.

आमच्या घरी ही दोन मिनिटांची मोजणी आधी झाली नाही. पहिल्याच संध्याकाळी शोकेसची काच गेली. कुणाला लागलं नाही, पण धाकटा इतका घाबरला की पुढचा आठवडाभर रिमोटला हात लावायला तयार नव्हता. त्यामुळे हात हलवून खेळायचे व्हिडिओ गेम घरात आणू बघणाऱ्या प्रत्येकाला मी सगळ्यात आधी हॉलबद्दल विचारते.

आमचं घर गोरेगावला, तिसऱ्या मजल्यावर, वन-बीएचके. नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा, आम्ही दोघं आणि सासूबाई. आमचा हॉल दहा बाय चौदाचा आहे. त्यातून दिवाण आणि टीव्ही युनिट वजा केलं की उरतं ते आमचं मैदान. मुंबईतल्या बहुतेक घरांचं गणित असंच असतं, म्हणून पुढचं सगळं मी लहान हॉल डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिते आहे.

हात हलवला हे टीव्हीला कळतं कसं

हे थोडं समजून घ्या, कारण पुढच्या निम्म्या अडचणींचं उत्तर इथेच आहे.

हे गेम दोन तऱ्हांनी चालतात. पहिल्या तऱ्हेत हातात रिमोट असतो. त्याच्या आत हालचालीचा वेग आणि वळण मोजणारे सेन्सर असतात. आपला फोन आडवा केला की व्हिडिओही आडवा होतो ना, तेच तंत्र. २००६ साली आलेल्या निन्टेंडो या जपानी कंपनीच्या ‘वी’ या यंत्राने हा प्रकार घराघरांत नेला. २०१७ साली आलेला निन्टेंडो स्विच त्याच वाटेवरचा. त्याच्या दोन्ही बाजूंना लावलेले छोटे रिमोट, म्हणजे जॉय-कॉन, सुटे करून हातात धरता येतात. एकेकाचं वजन जेमतेम ५० ग्रॅम, त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाच्या मुठीतही नीट बसतात.

दुसऱ्या तऱ्हेत हात मोकळे असतात आणि टीव्हीजवळ ठेवलेला कॅमेरा तुमच्याकडे बघत असतो. २०१० साली मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या यंत्रासाठी आलेला किनेक्ट हे त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. त्याला माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसावा लागतो, म्हणून एका खेळाडूसाठी साधारण ६ फूट आणि दोघांसाठी ८ फूट अंतर हवं. आपल्या हॉलमध्ये दिवाणाला पाठ टेकून उभं राहिलं तरी ८ फूट मिळतीलच असं नाही. किनेक्ट बनणंही २०१७ साली थांबलं. कुणी जुना स्वस्तात देत असेल तर आधी टेप घेऊन अंतर मोजा, मग हो म्हणा.

हातात रिमोट असलेल्या खेळात यंत्राला फक्त रिमोटची हालचाल कळते, तुम्ही बसलात की उभे आहात ते कळत नाही. टेनिसमध्ये धावण्याचं काम पडद्यावरची बाहुली स्वतःच करते, तुम्ही फक्त फटका मारायचा. ‘जस्ट डान्स’ हा नाचाचा गेम जॉय-कॉन घेऊन खेळलात तर गुण मिळतात ते उजव्या हाताच्या हालचालीवर. पाय जागचे हलले नाहीत तरी गुण तेवढेच. हे कळल्यावर आमच्या घरात दोन गोष्टी बदलल्या. गुडघेदुखी असलेल्या सासूबाई खुर्चीत बसून नाचायला लागल्या. आणि खालच्या मजल्यावरच्या काकांची झोप वाचली.

जागा आखणं

लहान मुलाच्या पसरलेल्या हातांची लांबी साधारण त्याच्या उंचीएवढी असते. चार फुटांची दोन मुलं शेजारी उभी केली तर त्यांचे हातच ८ फूट झाले. मध्ये हातभर अंतर सोडायचं, आणि बाजूच्या भिंतींपासूनही थोडं. हॉलच्या रुंदीत हे बसत नसेल तर एकाला पुढे आणि दुसऱ्याला तिरकं मागे उभं करा. एकाच्या मागे सरळ रेषेत दुसरा मात्र नको, कारण टेनिसच्या फटक्यात हात मागे जातो आणि तो मागच्याच्या तोंडाशी येतो. मुलांच्या उंचीला ते नेमकं नाक किंवा दात असतात.

आम्ही एक जुनी सतरंजी ठेवली आहे. ती टाकली की खेळ सुरू, आणि नियम एकच: पाय सतरंजीच्या बाहेर गेला तर गेम थांबणार. मुलं खेळाच्या नादात पुढे पुढे सरकत टीव्हीच्या काचेपर्यंत पोचतात, आणि तोंडाने कितीही सांगितलं तरी त्यांना ते ऐकू येत नाही. पायाखालची किनार मात्र कळते. सतरंजीचे कोपरे चिकटपट्टीने लादीला चिकटवा, नाहीतर तीच सरकते. पायात मोजे नकोत. पॉलिश केलेल्या लादीवर मोजे घालून उडी मारली की पाय गेलाच. अनवाणी खेळणं सगळ्यात चांगलं.

पंख्याबद्दल जरा सविस्तर. मुलांचा हात पंख्याला लागत नाही, मोठ्यांचा लागतो. पावणेसहा फुटी माणसाने हात वर केला की बोटं सात फुटांच्या पुढे जातात, त्यात रिमोट, त्यात सर्व्हिस करताना घेतलेली छोटी उडी. चाळीतल्या खोल्यांत, जिथे वर पोटमाळा काढलेला असतो, तिथे तर पंखा आणखी खाली आलेला असतो. मुंबईत मे महिन्यात पंखा बंद करून कुणी खेळणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून मोठ्या माणसाची उभं राहायची जागा पंख्याच्या खालून हलवा, किंवा खेळापुरता टेबल फॅन लावा. आमच्याकडे बाबाची जागा सतरंजीच्या डाव्या कोपऱ्यात ठरलेली आहे, आणि तो चुकून मध्ये आला तर धाकटाच ओरडतो.

उन्हाचाही एक मुद्दा आहे. पश्चिमेकडच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन टीव्हीवर किंवा कॅमेऱ्यावर पडत असेल तर पडदा ओढून घ्या. कॅमेऱ्याच्या यंत्रांना ते चालत नाही. जुन्या वीलाही चालत नाही, कारण तिच्या टीव्हीवर ठेवायच्या पट्टीतून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश येतो आणि रिमोट तो बघून पडद्यावरची जागा ओळखतो. पट्टीला नाव सेन्सर बारचं असलं तरी तिच्यात सेन्सर नसतो, असतात ते नुसते दिवे. त्यामुळे टीव्हीशेजारी गणपतीची आरास आणि जुन्या बल्बच्या माळा असतील तर पडद्यावरचा हात भरकटतो. ते दहा दिवस गोंधळ झाला तर यंत्र बिघडलं असं समजू नका, माळ बंद करून बघा.

खरेदी

आज नव्याने सुरुवात करणाऱ्या कुटुंबाने स्विच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. सुटे रिमोट, हलकं वजन, लहान मुलांना जमणारे खेळ भरपूर, आणि घरात बसून चौघांनी खेळायला इंटरनेट लागत नाही.

पण स्विचचे प्रकार आहेत आणि इथे फसगत होते. ‘स्विच लाइट’ नावाचं जे लहान, स्वस्त यंत्र मिळतं त्याचे रिमोट सुटे होत नाहीत आणि ते टीव्हीला जोडताही येत नाही. हातात धरून एकट्याने खेळण्यासाठी ते आहे. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला दुकानदाराने ‘सगळं तेच आहे, फक्त आकार लहान’ असं सांगून लाइट विकला आणि मुलाच्या वाढदिवशी टीव्हीची वायर कुठे घालायची हे शोधत सगळे बसले. तुम्हाला हवा आहे साधा स्विच किंवा ओएलईडी पडद्याचा स्विच, सोबत टीव्हीला जोडायचा डॉक. २०२५ च्या जूनमध्ये स्विच २ आला. त्यावर जुन्या स्विचचे बहुतेक गेम चालतात आणि जुने जॉय-कॉनही वायरलेस जोडता येतात. पण फक्त घरच्यांनी मिळून खेळायचं असेल तर जुन्या स्विचवर काम उत्तम भागतं.

रिमोटचं गणित असं: जॉय-कॉनची एक जोडी म्हणजे २ खेळाडू, कारण टेनिस, बोलिंग, बॅडमिंटन अशा खेळांत प्रत्येकाला एकच लागतो. चौघांना खेळायचं तर आणखी एक जोडी घ्या. सुरुवातीला एकच घ्या. घरात खरंच चौघं खेळतात का ते महिनाभर बघा.

लॅमिंग्टन रोडला किंवा दुसऱ्या कुठल्या बाजारात वापरलेलं यंत्र घेणार असाल तर दुकानातच टीव्हीला जोडून मागा. दोन्ही जॉय-कॉन सुटे करून हातात घ्या आणि एखादा हात हलवायचा खेळ पाच मिनिटं खेळा. मग रिमोट टेबलावर ठेवून हात काढून घ्या. पडद्यावरची खूण आपोआप सरकत राहिली तर त्याच्या छोट्या दांडीत दोष आहे. हा दोष जॉय-कॉनमध्ये नेहमीचा आहे, त्याला ड्रिफ्ट म्हणतात. नुसते हात हलवायचे खेळ खेळणार असाल तर थोडा ड्रिफ्ट चालून जातो, पण किंमत त्या हिशेबाने कमी करून घ्या. मनगटाचे पट्टे सोबत आहेत का तेही बघा. वापरलेल्या यंत्राबरोबर ते हमखास गायब असतात.

अमेरिकेतल्या मावशीने किंवा मामाने पाठवलेलं यंत्र हा आपल्याकडचा वेगळाच विषय आहे. स्विचचा चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, फक्त पिनसाठी अडॅप्टर लागेल, आणि गेमची कार्डंही कुठल्याही देशातली चालतात. पण जुन्या वीचा आणि जुन्या एक्सबॉक्स ३६० चा अमेरिकन पॉवर सप्लाय आपल्या २३० व्होल्टला सरळ लावला तर जळतो. वीच्या सीडीही प्रदेशाप्रमाणे बांधलेल्या, अमेरिकन यंत्रावर युरोपातली सीडी चालत नाही. माळ्यावरून जुना खोका काढलात तर प्लगमध्ये घालण्याआधी अडॅप्टरवरचे बारीक आकडे वाचा.

घरात दुसरं यंत्र आधीच असेल आणि वेगळे रिमोट घ्यायचे नसतील तर फोनवर भागतं. सोनीच्या पीएस५ आणि नव्या एक्सबॉक्सवर ‘जस्ट डान्स’ खेळताना फोनमध्ये ॲप टाकून फोनच रिमोट म्हणून उजव्या हातात धरता येतो. फोनला मनगटाचा पट्टा नसतो हे मात्र ध्यानात ठेवा. घामेजलेल्या हातातून तो सुटला तर फोन आणि टीव्ही, दोन्हींचा खर्च. लहान मुलांच्या हातात असा फोन मी देत नाही.

मनगटाचा पट्टा

२००६ च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे वी बाजारात येऊन महिना झाला न झाला तोच, निन्टेंडोला सुमारे ३२ लाख पट्टे बदलून द्यावे लागले. लोक इतक्या जोरात हात फिरवत होते की बारीक दोरी तुटून रिमोट टीव्हीवर जात होता. हे मोठ्या माणसांच्या हातून झालं होतं, मुलांच्या तर विचारूच नका.

बोलिंगमध्ये धोका जास्त. वीवरच्या बोलिंगमध्ये बटण दाबून हात मागे न्यायचा आणि पुढे आणताना बटण सोडायचं असतं. पाच वर्षांच्या मुलाला ‘सोड’ असं सांगितलं की तो रिमोटच सोडतो. त्यात त्याची चूक काही नाही, चेंडू टाकताना आपण तेच करतो. म्हणून ‘सोड’ हा शब्दच वापरू नका. आम्ही म्हणतो, ‘बोट उचल’.

जॉय-कॉनचा पट्टा सरकवून बसवावा लागतो, आणि तो उलटाही घुसतो. उलटा घुसला की अडकून बसतो आणि काढताना जीव नकोसा होतो. पट्ट्यावर अधिक किंवा वजाची खूण आहे, तशीच खूण रिमोटवर आहे. अधिकला अधिक, वजाला वजा. ही जुळवाजुळव आमच्या थोरलीने पहिल्या दिवशी शिकून घेतली आणि तेव्हापासून पट्टे बसवणं हे तिचं काम आहे. पट्टा मनगटात घालून वरची पकड घट्ट केल्याशिवाय सतरंजीवर पाय नाही, मग तो पाहुणा असो की घरचा.

पहिला दिवस

डॉकची एचडीएमआय वायर टीव्हीला जोडा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर तो लावा. नाहीतर हात हलवल्यानंतर पडद्यावर फटका क्षणभर उशिरा दिसतो, आणि मुलांना आपलंच चुकतंय असं वाटून ती चिडतात. कितीतरी घरांत ‘आमच्या मुलाला हे जमतच नाही’ असं ऐकलं आणि जाऊन बघितलं तर गेम मोड बंद होता.

रिमोट जोडताना पट्ट्यावरची दोन छोटी बटणं एकत्र दाबायची, की पडद्यावर तो खेळाडू उभा राहतो. निशाणा सारखा एका बाजूला जायला लागला तर रिमोट सपाट टेबलावर ठेवून सेटिंगमधून मोशन कॅलिब्रेशन करून घ्या. मिनिटाचं काम आहे.

लगेच खेळायला बसू नका. आधी घरातल्या प्रत्येकाची बाहुली बनवा. निन्टेंडोच्या यंत्रात ‘मी’ नावाच्या बाहुल्या बनवता येतात, चेहरा, केस, चष्मा सगळं निवडून. आमच्याकडे पहिला तास यातच गेला. सासूबाईंची बाहुली बनवताना मुलं त्यांच्या चेहऱ्याकडे इतकं निरखून बघत होती, की भुवई जाड की बारीक, नाक केवढं, यावर भांडणं झाली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, चष्मा सोनेरी काडीचा कर, काळा नको.” त्या क्षणापासून तो गेम त्यांचाही झाला.

मग पहिला डाव आजी-आजोबांना द्या. हे मी जाणूनबुजून सांगते. मुलांना आधी खेळू दिलं तर अर्ध्या तासात ती तरबेज होतात, आणि मग मोठी माणसं ‘आम्हाला नाही जमायचं’ म्हणून दिवाणावर बसून राहतात ती कायमचीच. आजी आधी खेळली आणि नातवाने तिला शिकवलं, की दोघंही त्यात गुंततात. शिकवताना मुलाला स्वतःलाही खेळ नीट कळतो. सुरुवात बोलिंगने करा. घाई नाही, समोरून काही अंगावर येत नाही, आणि लगोरी फोडलेल्या माणसाला नेम म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सासूबाईंनी तिसऱ्याच चेंडूला दहाही पाडले. त्यांनी रिमोट कपाळाला लावला, आणि त्यानंतर सगळं घर बोलिंगच्या आधी रिमोट कपाळाला लावतं.

मुलांना एक गोष्ट पहिल्याच दिवशी दाखवा: जोर लावून फायदा नाही, वेळ साधायची. कॅरमची टिचकी कशी बोटाने मारतो, खांद्याने नाही, तसं. मनगटाची छोटी हालचाल पुरते. हे समजलं की दमही कमी लागतो आणि शेजारच्याचं नाकही वाचतं.

कुठल्या वयाला काय

तीन-चार वर्षांच्या मुलाला जिंकणं-हरणं कळत नाही आणि कळायची गरजही नाही. त्याच्यासाठी ‘जस्ट डान्स’मधली लहान मुलांची गाणी लावा आणि रिमोट हातात नसला तरी शेजारी नाचू द्या. पडद्यावर चाललेलं त्याच्याच नाचण्यामुळे चाललं आहे, यावर त्याचा पूर्ण विश्वास असतो.

पाच-सहा वर्षांना बोलिंग आणि टेनिस. टेनिसमध्ये एकच कृती करायची असल्यामुळे ते लवकर जमतं. बॅडमिंटनमध्ये फूल वेगाने येतं, त्यामुळे ते सात-आठनंतर. व्हॉलीबॉलमध्ये उडवणं, उचलणं, मारणं असा क्रम लक्षात ठेवावा लागतो, आठ-नऊच्या आधी मुलं कंटाळतात. हे सगळे खेळ २०२२ साली आलेल्या ‘निन्टेंडो स्विच स्पोर्ट्स’मध्ये आहेत. त्याच्या खोक्यात पायाला रिमोट बांधायचा पट्टाही येतो, फुटबॉलची किक मारायला. लहान हॉलमध्ये ती किक मी बंद ठेवली आहे. लादीवर एका पायावर उभं राहून जोरात पाय फिरवणं ही पडण्याचीच तयारी आहे. तलवारबाजीचा जो खेळ त्यात आहे, तोही धाकट्याला अजून देत नाही. गेम संपल्यावरही त्याच्या हातातली तलवार उतरत नाही.

मारिओ पार्टीसारखे सोंगट्यांचे गेमही आहेत, फासे टाकत पुढे जायचं आणि मध्ये मध्ये छोटे खेळ. छान आहेत, पण एक डाव बराच लांबतो. सहाच्या खालच्या मुलांना अर्ध्यात झोप येते. ते मे महिन्याच्या सुट्टीसाठी राखून ठेवा.

वाढदिवसाला हा गेम ठेवायचा असेल तर

दहा-बारा मुलं आणि चार रिमोट. म्हणजे कुठल्याही क्षणी सहा-आठ मुलं नुसती उभी आहेत. वाढदिवसाचा सगळा बोजवारा या उभ्या मुलांमुळे होतो, म्हणून विचार त्यांचाच आधी करा.

‘हरला तो बाहेर’ हा नियम अजिबात लावू नका. त्यात सगळ्यात लहान आणि नवखं मूल पहिल्यांदा बाहेर पडतं आणि उरलेला वेळ आईच्या मांडीवर रडत काढतं. जिंकणारा मात्र तासभर खेळत राहतो. आम्ही चिठ्ठ्या टाकून जोड्या करतो, एक मोठं आणि एक लहान अशी जोडी. प्रत्येक जोडीला दोन डाव, मग रिमोट पुढच्या जोडीला. बसलेल्यांपैकी एक पंच, एक फळ्यावर गुण लिहिणारा, एक पट्टे तपासणारा. पट्टे तपासणाऱ्याला शिट्टी द्या, ते काम मिळावं म्हणून मुलं भांडतात.

खाणं खेळानंतर. वेफर्स आणि समोशाच्या तेलकट हातात रिमोट टिकत नाही, आणि बटणांच्या फटींत गेलेला केकचा क्रीम काढायला दुसरा दिवस जातो. आधी गेम, मग हात धुणं, मग केक, मग पावभाजी. पाऊण तासाच्या वर गेम ठेवू नका. त्यानंतर मुलांना पळायचं असतं, त्यांना खाली सोडा.

खालच्या मजल्यावर आदल्या दिवशी जाऊन सांगून या. ‘उद्या पाच ते सहा थोडा आवाज होईल, काकू’ एवढंच. तुमच्या मुलाबरोबर जा म्हणजे त्यालाही कळतं की आपल्या उड्या कुणाच्या तरी डोक्यावर पडतात. एरवी दुपारी दोन ते चार आणि रात्री नऊनंतर आमच्याकडे उड्यांचे खेळ बंद, मनगटाचे चालू. जोडून ठेवायच्या फोमच्या चटया घातल्या तर आवाज बराच कमी होतो, पण त्यांच्या कडा वर आलेल्या नाहीत ना ते रोज बघा.

किती वेळ

इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचं सांगणं आहे की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना स्क्रीन नको, दोन ते पाच वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त १ तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीत, आणि पाच ते दहा वर्षांना २ तासांपेक्षा कमी. हे सगळ्या पडद्यांचं मिळून, म्हणजे फोनवरचं कार्टून त्यातच धरा. हात-पाय हलतात म्हणून हा वेळ वेगळा मोजायचा नाही, असं मी ठरवलं आहे. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं चांगला घाम काढणारी हालचाल सांगते. मनगटाच्या टेनिसने ती होत नाही, बिल्डिंगखालच्या पकडापकडीने होते. पाऊस नसेल तेव्हा आमची मुलं आधी खाली जातात, गेम त्यानंतर.

सलग खेळताना तासाला दहा-पंधरा मिनिटांची विश्रांती निन्टेंडोच सुचवतं. लहानांसाठी मी अर्ध्या तासालाच थांबवते. पडद्यावर वेगाने लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काही मुलांना आकडी येऊ शकते. घरात कुणाला तसा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका.

स्विचसाठी पालकांचं एक फुकट ॲप आहे. त्यात रोजची वेळ ठरवता येते, आणि कोणता गेम किती वेळ चालला तेही दिसतं. वेळ संपली की सूचना पडद्यावर येते. ‘आई बंद कर म्हणाली’ यापेक्षा ‘मशीन बंद कर म्हणतंय’ हे मुलं किती सहज ऐकतात हे बघून मला नवल वाटलं. ऑनलाइन अनोळखी लोकांशी संपर्काची सोय त्याच ॲपमधून बंद ठेवा.

पावसाळ्यात

मुंबईची हवा यंत्रांना सोसत नाही. खेळ झाल्यावर डॉक ओल्या भिंतीला चिकटून ठेवू नका. आठवडाभर वापर नसेल तर यंत्र कोरड्या कपाटात ठेवा, शेजारी बुटांच्या खोक्यात येतात तसल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या, पण मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलं तर आतली ओल आतच राहते. घामट झालेले मनगटाचे पट्टे रिमोटवरून काढून फडक्याने पुसून वाळवा. पावसात त्यांना वास येतो.

आमच्याकडे शेवटचा डाव आजीचा असतो, बोलिंगचा. तो संपला की थोरली पट्टे काढते, धाकटा रिमोट चार्जिंगला लावतो, बाबा टीपॉय परत आणतो आणि मी सतरंजी गुंडाळते.